पसंतीक्रमाचा इतिहास: यादी कुणाची, क्रम कुणाचा?

विषय जाहीर झाल्यावर काही मित्रांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला प्रवेश अर्जाशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. पण निवड म्हणजे नेमकं काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत तो दरवर्षी जून-जुलैला एका ऑनलाइन अर्जाच्या रूपानं येतो. अर्जात एक यादी असते. कॉलेजं, शाखा, सांकेतिक क्रमांक. त्यातून मुलानं निवडायचं आणि एक, दोन, तीन असा क्रम लावायचा. याला आपण पसंतीक्रम म्हणतो.

हा क्रम लावताना घरात काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलाला एक हवं असतं, वडील गेल्या वर्षीचा कट-ऑफ काढून बसतात, मामा पुण्याहून फोनवर सांगतो की पहिल्या नंबरवर अवघड कॉलेज टाकू नका, हातचं जाईल. आणि मग मूल आपली खरी पसंती तिसऱ्या-चौथ्या जागेवर ढकलतं. काही वेळा ती लिहीतच नाही. आजचं व्याख्यान या ‘हातचं जाईल’बद्दल आहे. ही भीती आली कुठून, ती कितपत खरी आहे, आणि जिथं ती खरी नाही तिथं खरी अडचण कुठली आहे, एवढं आपण पाहू. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. आपल्या कोल्हापुरातच पुरेसा इतिहास आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. पहिली मॅट्रिक परीक्षा झाली १८५९ साली. पास झालेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते. त्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं, सुरुवातीचं शिक्षण इथंच झालं, आणि पुढं शिकायचं म्हणून ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आता विचार करा, रानड्यांसमोर पर्यायांची यादी होती का? उच्च शिक्षण घ्यायचं तर मुंबई किंवा पुणे गाठायचं. निवड होती ती शिकायचं की नाही एवढीच. कुठं आणि काय, हे ठरलेलंच होतं.

१८८० साली इथं राजाराम कॉलेज आलं. गोपाळ कृष्ण गोखले याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. पण त्यांनाही पदवी मिळाली ती १८८४ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. गोखल्यांचे वडील लवकर गेले होते. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले आणि आपल्या तुटपुंज्या पगारातून धाकट्या भावाला पैसे पाठवत राहिले. गोखल्यांच्या चरित्रात ही गोष्ट त्यागाचं उदाहरण म्हणून येते, आणि ती तशी आहेच. आपल्या विषयाच्या बाजूनं पाहिलं तर आणखी एक दिसतं. एका मुलाला पर्याय मिळावा म्हणून दुसऱ्यानं आपला पर्याय सोडला. घरात एकच जागा होती आणि गुणवत्ता यादी घरातच लागली. आपल्या कित्येक घरांत पुढं हेच झालं, फरक इतकाच की सोडणारी बहुधा बहीण होती.

आता जेवणाकडं वळू. विषय सोडून नव्हे, विषयासाठीच. त्या काळात परगावी शिकणाऱ्या गरीब मुलाला ‘वार लावून जेवणं’ ही एक सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. आठवड्याचे सात वार भरले की शिक्षण चालू. कुणी माधुकरी मागून शिकलं. आपल्याकडच्या अनेक थोर माणसांच्या चरित्रांत हे येतं, आणि ते वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण ही सोय कुणाला होती? ज्याला त्या घरांत पंगतीला बसवून घेतलं जाई त्याला. म्हणजे मुख्यतः ब्राह्मण मुलाला. करवीरच्या एखाद्या खेड्यातला मराठा मुलगा, शिरोळकडचा जैन मुलगा, मुसलमान मुलगा, महाराचा मुलगा, यांनी वार कुठं लावायचा? शाळेचं दार कागदावर उघडं असेल, फीही माफ असेल, पण संध्याकाळी जेवायचं कुठं आणि झोपायचं कुठं?

राजर्षी शाहू महाराजांनी नेमकं हे ओळखलं. १९०१ साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढं एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहं उभी राहिली, इतकी की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणायची पद्धत पडली. जातवार वसतिगृहं कशाला, अशी टीका तेव्हाही झाली, आजही होते. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. आजच्यापुरतं लक्षात घ्यायचं ते असं, की २६ जुलै १९०२ चा नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम आणि ही वसतिगृहं या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत. नोकरी हे पुढचं टोक, जेवण आणि निवारा हे अलीकडचं टोक. मधल्या शिक्षणाला दोन्ही टोकं धरल्याशिवाय अर्थ येत नाही. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले आणि पुढं त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिचा कणाच वसतिगृह हा होता. हा योगायोग नाही.

म्हणजे पहिला मुद्दा हा. पर्याय यादीत असणं आणि पर्याय आपल्या आवाक्यात असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढं आपल्याला हा मुद्दा परत लागणार आहे.

दुसरी गोष्ट विषय निवडण्याची. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होते. दुसरी भाषा म्हणून त्यांना संस्कृत हवी होती. अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकवायला नकार मिळाला, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. ते फारसीत चांगले गुण मिळवून गेले. १९१२ साली बी.ए. झाले, १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढं संस्कृत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नानं शिकून घेतली. पण त्या वर्गात काय झालं ते पाहा. पसंती स्पष्ट होती, पात्रता होती, जागाही होती. नकार पसंतीक्रमामुळे आला नाही, तो पसंती सांगणाऱ्या माणसाकडं बघून आला. यादीत विषय होता, पण तो यादी वाचणाऱ्या प्रत्येकासाठी नव्हता.

तिसरं उदाहरण आपल्या राजवाड्यातलंच आहे. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी १९१८ साली गेले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अगदी लहान वयात विधवा झाल्या. महाराजांनी सुनेला शिकवायचं ठरवलं. घरातून, नात्यातून विरोध झाला, पण सोनतळीच्या मुक्कामी त्यांचं शिक्षण सुरू झालं. सोबतीला इतर मुलीही ठेवल्या, म्हणजे एकटीला शिकणं जड जाऊ नये. सुनेनं डॉक्टर व्हावं ही महाराजांची इच्छा होती. १९२२ साली महाराज गेले. इंदुमतीदेवी १९२५ साली मॅट्रिक झाल्या, पण डॉक्टरकी काही झाली नाही. पुढं त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या, मोठं काम केलं. राणीसाहेब असूनही पहिली पसंती मिळाली नाही, याचं कारण गुण नव्हते आणि पैसाही नव्हता. ती पसंती उचलून धरणारं माणूस राहिलं नव्हतं.

आता स्वातंत्र्यानंतर. कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झालं. कॉलेजं मुंबई विद्यापीठाकडून पुणे विद्यापीठाकडं गेली, आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आले होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले राष्ट्रपती, याचा आमच्या विषयाच्या लोकांना अजून अभिमान वाटतो. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, इतिहासाचे. त्यांनी विद्यापीठात गरीब मुलांसाठी ‘कमवा आणि शिका’ राबवली. पुन्हा तेच. आधी जेवणाची सोय, मग पदवीची.

त्याच सुमारास, १९६४ ते ६६, कोठारी आयोग काम करत होता. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध या आयोगानं मांडला आणि महाराष्ट्रानं तो सत्तरच्या दशकात आणला. याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. आमच्या पिढीला अकरावीला एस.एस.सी. होती. आता दहावीला बोर्ड आलं, मग दोन वर्षांनी बारावीचं बोर्ड आलं. म्हणजे मुलाला दोनदा थांबून विचारलं जाऊ लागलं, आता पुढं काय? पंधराव्या-सोळाव्या वर्षी एकदा आणि सतराव्या-अठराव्या वर्षी परत.

आमच्या पिढीत हे विचारणं कसं होतं, ते इथं बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. कॉलेजच्या खिडकीवर अर्ज मिळे. तो भरून द्यायचा. दुसऱ्या कॉलेजात टाकायचा तर दुसरा अर्ज, दुसरी फी, दुसरी रांग. बोर्डावर यादी लागे. नाव नसलं तर वडील ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन जात. चिठ्ठी चालली की नाही ते कळत नसे, पण चिठ्ठी चालते असं सगळ्यांना वाटत असे, आणि एवढ्यानंही प्रवेशावरचा विश्वास जातो. दोन ठिकाणी नाव लागलं तर मूल दोन्हीकडं फी भरून ठेवी, एक जागा अडून राही, आणि ज्याला ती हवी होती त्याला ऑगस्टमध्ये कळे की ती रिकामीच आहे. ‘हातचं जाईल’ ही भीती इथली आहे. त्या व्यवस्थेत ती अगदी बरोबर होती. पहिलं मिळेल तिथं फी भरा, नाहीतर दोन्ही गेलं, हा आमच्या वडिलांचा सल्ला अनुभवाचा होता.

पुढं १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर आपल्या भागातल्या मुलानं इंजिनिअर व्हायचं म्हणजे सांगलीचं वालचंद, नाहीतर पुणे, कऱ्हाड. त्याच वर्षी कोल्हापुरात के.आय.टी. सुरू झालं आणि पाठोपाठ इतर कॉलेजं आली. यादी एकदम लांब झाली. पण तिच्याबरोबर देणगी हा शब्दही आला. खेड्यातली जमीन विकून जागा घेतल्याच्या गोष्टी आपण ऐकल्यात. आता प्रश्न न्यायालयात गेला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निम्म्या जागा कमी शुल्काच्या आणि निम्म्या जास्त शुल्काच्या, पण दोन्ही गुणवत्तेनं, अशी योजना दिली. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात ती बदलली. २००५ साली इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात देणगी घ्यायची नाही आणि प्रवेश पारदर्शक, गुणवत्तेनं व्हावेत, हे न्यायालयानं पुन्हा बजावलं. २०१५ साली महाराष्ट्रानं खासगी व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश आणि शुल्कांसाठी कायदा केला, आणि त्याखाली आज आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो तो कक्ष काम करतो. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २००९ साली मुंबईत सुरू झाले, आणि २०२५ साली ते सगळ्या राज्याला लागू झाले, चंदगडपासून गडचिरोलीपर्यंत.

संगणक सर्वत्र पोचायच्या आधी केंद्रीय प्रवेश समोरासमोर होत. गुणवत्ता यादीतल्या क्रमानं नाव पुकारायचं. मूल आई-वडिलांबरोबर पुढं जायचं. कुठं किती जागा शिल्लक आहेत ते समोर दिसायचं, आणि उरलेल्यातलं जे सगळ्यात आवडेल ते तो घ्यायचा. मग पुढचं नाव. आता सांगा, त्या टेबलासमोर उभं असताना कुणी असं म्हणेल का, की मला हे कॉलेज जास्त आवडतं, ते शिल्लकही आहे, पण मी दुसरं घेतो? नाही म्हणणार. आजचा ऑनलाइन पसंतीक्रम म्हणजे हीच रांग आहे. तुमच्याऐवजी तुमची यादी रांगेत उभी असते. संगणक तुमच्या गुणवत्ता क्रमांकाशी येतो, तुमच्या पहिल्या पसंतीत जागा आहे का बघतो, नसली तर दुसरीत, मग तिसरीत. पहिल्या नंबरवर अवघड कॉलेज लिहिल्यानं काहीही जात नाही. ते मिळालं नाही तर संगणक खाली उतरतो, आणि तुमच्या मागं असलेल्या मुलाकडं जायच्या आधीच उतरतो. कॉलेजला तुम्ही पहिल्या नंबरवर लिहिलंत की नवव्या, यानं तुमची गुणवत्ता बदलत नाही.

हे जगभर असंच असतं असं नाही, आणि इथं एक सुंदर योगायोग आहे. शिवाजी विद्यापीठ सुरू झालं त्याच १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. विषय कॉलेज प्रवेश आणि लग्नं! स्थळं जमवण्याचा आणि कॉलेज जमवण्याचा प्रश्न एकच आहे, हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. यांनी ते सिद्ध केलं. त्यांची रीत अशी. प्रत्येक विद्यार्थी आधी आपल्या पहिल्या पसंतीकडं जातो. कॉलेज होकार देत नाही, फक्त नाव धरून ठेवतं. जास्त पात्र कुणी आलं तर आधीचं नाव सोडतं. सुटलेला विद्यार्थी आपल्या दुसऱ्या पसंतीकडं जातो, तिथंही त्याच्याहून कमी पात्र कुणी असेल तर ते सुटतं. असं करत शेवटी सगळं स्थिर झाल्यावरच होकार पक्के. या रीतीत विद्यार्थ्यानं खरा क्रम लिहिणं हेच त्याच्या हिताचं असतं, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं. यासाठी २०१२ साली शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल त्याआधी २००८ साली वारले होते.

याउलट बोस्टन शहरातल्या सरकारी शाळांत वेगळी पद्धत होती. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या भरायच्या, पक्क्या करायच्या, मग उरलेल्या जागांवर दुसऱ्या पसंत्या. तिथं पहिली पसंती हुकली की दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरून गेलेली. म्हणजे तिथल्या आई-बापांचं ‘हातचं जाईल’ खरं होतं. जाणकार पालक हिशेब करून खोटा क्रम लिहीत आणि भोळे पालक खरा लिहून फसत. २००५ साली बोस्टननं ती पद्धत सोडली. तेव्हा लक्षात घ्या, खरं लिहावं की हिशेबानं लिहावं हा नीतीचाच प्रश्न नाही, तो नियमाचा प्रश्न आहे. खरं बोलणाऱ्याचं नुकसान करणारा नियम करायचा आणि मग मुलांना प्रामाणिकपणाचे धडे द्यायचे, यात काही अर्थ नाही.

म्हणून आपल्याकडच्या नियमांतही दोन ठिकाणी थांबून बघायला हवं.

पहिलं, यादीची लांबी. अकरावीच्या अर्जात २०२५ साली जास्तीत जास्त दहा पसंत्या देता येत होत्या. यादी आखूड असली की दहाच्या दहा अवघड कॉलेजं लिहून चालत नाही. कुठली दहा घ्यायची, इथं हिशेब लागतो; दोन-तीन खात्रीची हवीतच. पण एकदा दहा ठरली की त्यांचा आपापसातला क्रम खराच लावायचा. खात्रीचं कॉलेज यादीत असावं, ते वर असायची गरज नाही.

दुसरं, सक्ती. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. हे ठीक आहे, मागितलं ते दिलं. पण २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही जागा मिळाली तरी ती पक्की, असा नियम होता. यात पेच आहे. दुसऱ्या फेरीत तिसरी पसंती मिळाली आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा सुटली, तरी ती आता तुमची नाही. जागा अडवून ठेवणं थांबावं हा नियमाचा हेतू समजण्यासारखा आहे. पण किंमत मुलानं मोजायची आहे, हे त्याला आधी कळलं पाहिजे. अशा नियमात वरच्या जागांवर तीच नावं लिहावीत जी मिळाल्यावर रुखरुख राहणार नाही. आणि हे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा मामाचा गेल्या वर्षीचा सल्ला घेण्याआधी यंदाची माहिती पुस्तिका वाचावी.

इथवर गणित झालं. पण गणिताला एक गोष्ट विचारता येत नाही, ती म्हणजे यादीत जे नावच आलं नाही, त्याचं काय? चंदगड तालुक्यातल्या एखाद्या मुलीचा विचार करा. तिथून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. बेळगाव त्याहून जवळ, पण ते दुसरं राज्य. तिचे गुण चांगले आहेत. पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात तिला जागा मिळू शकेल. तिच्या अर्जात मात्र पुणं नाही. घरात ठरलंय की एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढंच लिहायचं. ती तीन नावं लिहिते, तीनही खऱ्या क्रमानं. तिला पहिली पसंती मिळते. सरकारी आकडेवारीत ती ‘पहिली पसंती मिळालेली विद्यार्थिनी’ म्हणून मोजली जाते. वर्तमानपत्रात बातमी येते की इतक्या मुलांना पहिली पसंती मिळाली, आणि आपल्याला बरं वाटतं. पण त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा? तिची पहिली पसंती तिच्या मनातली पहिली नव्हतीच. यादी करायच्या आधी अर्धी यादी पुसली गेली होती.

मघाचा मुद्दा आठवा. पर्याय असणं वेगळं, आवाक्यात असणं वेगळं. आज फीचा अडसर काही अंशी कमी झालाय. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. चांगला निर्णय आहे. पण फी माफ झालेली मुलगी रात्री राहणार कुठं, हा १९०१ सालचा प्रश्न तसाच आहे. वसतिगृहाची जागा मिळेल की नाही हे प्रवेश झाल्यावर कळतं, आणि पसंतीक्रम मात्र आधी द्यावा लागतो. ज्या घराला खासगी खोलीचं भाडं परवडतं ते घर बिनधास्त पुणं लिहितं. ज्याला परवडत नाही ते लिहीत नाही. आमचं मत विचाराल तर प्रवेशाच्या अर्जातच कॉलेजच्या नावासमोर वसतिगृहाची जागा दिसावी, आणि जागावाटप दोन्हीचं एकत्र व्हावं. गणिताला हे अवघड नाही. महाराजांना सव्वाशे वर्षांपूर्वी जे दिसलं ते संगणकाला दाखवणं एवढंच बाकी आहे.

शेवटी थोडं आमच्या विषयातलं बोलू. ॲरिस्टॉटलनं इच्छा आणि निवड यांत फरक केलाय. इच्छा अशक्य गोष्टीचीही करता येते. निवड मात्र आपल्या हातात असलेल्या गोष्टींची, आणि तीही विचार करून. याचा अर्थ लोक असा लावतात, की हातात नाही त्याचा विचार सोडा, कट-ऑफ बघा आणि लिहा. पण हातात काय आहे हे ठरवण्याआधी काय हवंय हे तर कळायला पाहिजे! कठोपनिषदातला नचिकेत पाहा. त्याला तीन वर मिळाले होते. त्यानं क्रम लावला. पहिला वर वडिलांचं मन शांत व्हावं म्हणून, दुसरा अग्निविद्येचा, तिसरा मृत्यूनंतर काय याच्या ज्ञानाचा. तिसऱ्याला यम कचरला. त्यानं पर्याय दिले, सोनं घे, हत्ती-घोडे घे, जमीन घे, दीर्घायुष्य घे. आजच्या भाषेत, ही शाखा सोड, ती घे, पॅकेज चांगलं आहे. नचिकेत हलला नाही. तो हट्टी होता म्हणून नाही. त्याला काय हवंय ते यमाच्या दारात पोचायच्या आधी माहीत होतं. आणखी एक, पहिला वर त्यानं घरासाठी मागितला. घराचा विचार करणं म्हणजे स्वतःची पसंती पुसणं नव्हे, हे त्या पोरानं दाखवून दिलं.

तेव्हा पालकांना एक विनंती. पुढच्या वर्षी अर्ज भरायच्या आधी, कट-ऑफची यादी काढायच्या आधी, मुलाला किंवा मुलीला एक कोरा कागद द्या आणि सांगा, फी, अंतर, गुण, आमची मतं सगळं बाजूला ठेव आणि तुला काय काय शिकावंसं वाटतं ते क्रमानं लिही. दोन दिवस द्या. मग त्या कागदाशेजारी गुणवत्ता क्रमांक, फी आणि वसतिगृह ठेवून एकत्र बसा. काही नावं खोडावी लागतील, काहींच्या जागी दुसरी येतील. पण कुठलं नाव कशासाठी खोडलं ते मुलासमोर बोला आणि त्या नावापुढं लिहा. गुण कमी म्हणून, पैसे नाहीत म्हणून, लांब आहे म्हणून, मुलगी आहे म्हणून. हे शेवटचं कारण लिहिताना हात थांबला, तर थांबू द्या. आणि ‘पैसे नाहीत’, ‘राहायची सोय नाही’ हे ज्या ज्या घरांत लिहिलं गेलं, त्या घरांचे कागद एकत्र करून मागण्या कराव्यात एवढी हिंमत या शहरात नक्की आहे.

इथं थांबू या. प्रश्न असतील तर विचारा, विशेषतः ज्या मुलामुलींना यंदा अर्ज भरायचाय त्यांनी आधी विचारा, पालक नंतर.